कॉरिडॉरच्या चित्रातली मधली वीस वर्षं

शहरातल्या कुठल्याही मोठ्या रस्त्याच्या, आराखड्यांच्या भाषेत ‘कॉरिडॉर’च्या, ‘भावी विकासा’चं सादरीकरण असलं की त्यात शेवटी एक चित्र येतंच. रुंद पदपथ, दोन्हीकडे एकाच उंचीची झाडं, खाली दुकानं, वर ऑफिसं आणि घरं, मधून एक चकचकीत बस. ऊन कायम कोवळं. चित्रातल्या कुणालाच कुठे पोचायची घाई नसते. त्या चित्राशी माझं काही भांडण नाही. असा रस्ता झाला तर हवाच आहे. भांडण आहे ते त्याच्या आधीच्या पानाशी, जे सादरीकरणात नसतंच. आज आणि ते चित्र यांच्यामध्ये वीस-पंचवीस वर्षं आहेत. त्या रस्त्यावर राहणारे, दुकान चालवणारे, त्याच रस्त्याने शाळेत जाणारे लोक या मधल्या काळात जगणार आहेत. आणि मधल्या काळाचा आराखडा कुणीच करत नाही.

पूल एका दिवशी खुला होतो. मिश्र वापराचा, म्हणजे दुकानं, ऑफिसं आणि घरं एकत्र असलेला रस्ता तसा एका दिवशी होत नाही, तो प्लॉटगणिक बदलतो. एक मालक पुनर्विकासाला तयार असतो, शेजारच्याचा दावा कोर्टात असतो, तिसऱ्याकडे वारसांचं जमत नाही, चौथी इमारत नुकतीच बांधलेली असते. त्यामुळे नकाशावर आखलेली रस्तारुंदीची सरळ रेषा जमिनीवर कधीच सरळ उतरत नाही. नवी इमारत मागे सरकते, जुनी जागेवर राहते, पुन्हा एक नवी मागे जाते. रस्त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी होते. मागे सरकून मिळालेला तुकडा पदपथाला जोडलेला नसतो, म्हणून चालणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. वाहनांच्याही नाही, कारण रस्त्यातून किती गाड्या जाणार हे त्याची सर्वांत अरुंद जागा ठरवते. थोडं अंतर रुंद आणि पुढे पुन्हा चिंचोळा, म्हणजे प्रत्येक चिंचोळ्या तोंडाशी गाड्या एकमेकींत घुसणार. मग त्या तुकड्यात आपोआप पार्किंग होतं. पुढे पंधरा वर्षांनी तो तुकडा पदपथासाठी मागायला गेलं की तिथले लोक म्हणतात, आमचं पार्किंग काढून घेताय. त्यांचंही चूक नाही, इतकी वर्षं ते पार्किंगच होतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की सोडलेली जागा सोडली त्या दिवसापासून उपयोगात यायला हवी. भोगवटा प्रमाणपत्र (नवी इमारत वापरायची परवानगी) देण्याआधी तिथे शेजारच्या पदपथाच्या पातळीला जुळणारी फरसबंदी झालेली असावी, गाडी चढणार नाही असे खांब लागलेले असावेत. भूसंपादनासाठी जो पैसा असेल तो पूर्ण लांबीवर विखरून टाकू नये. एक चौक ते पुढचा चौक, एवढा टप्पा पुरा करावा, मग पुढचा.

रेषेत सापडलेल्या जुन्या इमारतींचं काय होतं, याची तर कुठे नोंदच होत नाही. पाडायचीच आहे तर दुरुस्ती कशाला, असा मालकाचा हिशोब असतो, आणि तो त्याच्या बाजूने बरोबरही असतो. गळकं छत सांभाळतात भाडेकरू. आराखड्याने रेषा मारली की त्या क्षणी इमारतीचं म्हातारपण सुरू होतं, मग रस्ता प्रत्यक्षात रुंद होवो न होवो. रुंदीची गरज दर काही वर्षांनी तपासून नको असलेल्या रेषा पुसायची तरतूद असायला काय हरकत आहे? पण रेषा पुसणारा अधिकारी मी पाहिलेला नाही.

रस्ता रुंद करण्याला पर्याय असतात. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराचं नाव बसमुळे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली रस्त्यांची मांडणी जास्त महत्त्वाची वाटते. 1966 च्या आराखड्यानंतर त्यांनी वाढीचे अक्ष, म्हणजे शहर ज्या रस्त्यांच्या कडेने वाढवायचं ते पट्टे ठरवले, आणि त्या अक्षांवर एकच अतिरुंद रस्ता करण्याऐवजी तीन समांतर रस्ते वापरले. मधल्या रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका आणि तिच्या दोन्ही बाजूंना दुकानांपर्यंत जाणारी संथ वाहतूक. एक गल्ली सोडून दोन्हीकडे एकदिशा वेगवान रस्ते. उंच इमारतींना परवानगी याच पट्ट्यात, जसं लांब जाल तशी कमी. राखीव मार्गिकेतली बस 1974 मध्ये सुरू झाली, नळीसारखे प्रसिद्ध बसथांबे 1991 मध्ये आले, दोन सांध्यांची लांब बस त्याच्या पुढच्या वर्षी. थांब्यांची आणि लांब बसची वाट बघत शहर थांबून राहिलं नाही, प्रत्येक टप्पा त्या-त्या वेळी चालता होता. तिथे सगळं गोडच झालं असं नाही. अक्षांलगतची जमीन महागली आणि गरीब वस्ती शहराच्या कडेला गेली. ज्यांना बसची सर्वांत जास्त गरज, तेच बसपासून लांब.

उलट उदाहरण दिल्लीचं. 2008 मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा 5.8 किलोमीटरचा बीआरटीचा, म्हणजे राखीव मार्गिकेतल्या जलद बसचा तुकडा सुरू झाला आणि 2015 मध्ये सरकारने तो मोडायचं ठरवलं. त्यावर मतं अनेक आहेत. माझं असं की जाळ्यातला एकच तुकडा बांधला तर त्याचा त्रास पूर्ण मिळतो आणि फायदा तुकड्याएवढाच. तुकडा संपला की बस पुन्हा त्याच गर्दीत. सिग्नलला थांबलेल्या गाडीवाल्याला मात्र शेजारची मोकळी मार्गिका रोज दिसते.

आता एफएसआय, म्हणजे चटई निर्देशांक: प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. कॉरिडॉर म्हटलं की वाढीव चटई क्षेत्र आलंच, आणि खरी गर्दी त्या टेबलाभोवती असते. देऊ नये असं मी म्हणत नाही. जिथे बस-मेट्रो आहे तिथे माणसं राहायला हवीतच. प्रश्न आहे बदल्यात काय घ्यायचं. ब्राझीलमधल्याच साओ पाउलोच्या 2014 च्या आराखड्यात मूळ चटई निर्देशांक शहरभर 1 ठेवला आणि सार्वजनिक वाहतुकीच्या पट्ट्यांत तो 4 पर्यंत नेता येईल असं केलं, वरच्या क्षेत्राचे पैसे भरून. तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणारी दुकानं ठेवली तर ठरावीक मर्यादेपर्यंत ते क्षेत्र मोजायचं नाही, ही सवलतही दिली. विचार चांगला होता. पण सदनिकेमागे एक पार्किंगही मोजणीतून वगळलेलं होतं. जितक्या जास्त सदनिका तितकं बिनमोज पार्किंग, हे बिल्डरांनी बरोबर हेरलं. स्थानकांजवळ अगदी छोट्या, गुंतवणूक म्हणून विकल्या जाणाऱ्या सदनिकांचं पीक आलं. 2023 मध्ये त्या आराखड्यात सुधारणा झाली. नियम लिहिणारा कितीही हुशार असो, नियमातली फट बाजार आधी शोधतो. त्यामुळे दर पाच वर्षांनी ‘प्रत्यक्षात काय बांधलं गेलं’ याची तपासणी आराखड्यातच लिहिलेली हवी. वीस वर्षांनी चुकीचा नियम बदलला तर तोवर सगळे मोक्याचे प्लॉट बांधून झालेले असतात.

वाढीव क्षेत्रातून येणारा पैसाही त्याच रस्त्यावर खर्च व्हावा. तो शहराच्या सर्वसाधारण खात्यात गेला की इथे माणसं दुप्पट आणि ड्रेनेजची वाहिनी तीच. नवीन केलेला पदपथ सहा महिन्यांत केबलसाठी उखडलेला बघून आपण सगळेच शिव्या देतो. जमिनीखालचं काम वरच्या टप्प्यांशी जोडलेलं नसतं, एवढंच त्याचं कारण.

मधूनच कुणीतरी उड्डाणपूल सुचवतं. दक्षिण कोरियाची राजधानी सोलने शहराच्या मध्यातला उन्नत रस्ता 2003 मध्ये पाडायला घेतला आणि 2005 मध्ये त्याखाली गाडलेला ओढा लोकांसाठी खुला केला. सॅन फ्रान्सिस्कोने भूकंपात खिळखिळा झालेला किनाऱ्यालगतचा उन्नत मार्ग 1991 मध्ये पाडला, परत बांधला नाही. वेगाने निघून जाणाऱ्यांना दुकानांच्या डोक्यावरून नेलं की खाली अंधार आणि खांब उरतात. शिवाय पूल एकदा उभा राहिला की पुढच्या कित्येक दशकांचे पर्याय बंद.

आणि दुकानदार. जुन्या इमारतीतला चपला शिवणारा, झेरॉक्सवाला, शिंपी, यांच्यामुळे तो रस्ता ‘मिश्र’ होता. नव्या इमारतीत तळमजला होतो तो मोठ्या शोरूमसाठी, पन्नास फूट सलग काच. कागदावर वापर मिश्रच राहतो. तळमजल्यावर ठरावीक अंतरात किमान किती दारं असावीत, लहान गाळे किती असावेत, पुनर्विकासाच्या काळात जुन्या दुकानदाराने कुठे बसायचं, हे नियमात लिहिता येतं. फेरीवाल्यांच्या जागाही पदपथाच्या रेखांकनातच दाखवता येतात. चित्रात मात्र एकही फेरीवाला नसतो, आणि रस्ता झाल्यावर पहिल्या आठवड्यात तोच आलेला असतो.

तुमच्या शहरात असा आराखडा हरकती-सूचनांसाठी आला तर शेवटच्या चित्रावर चर्चा करत बसू नका. पाचव्या वर्षीचा नकाशा मागा, दहाव्या वर्षीचा मागा. तेव्हा कुठले प्लॉट बदललेले असतील असं धरलंय, पदपथ कुठून कुठपर्यंत सलग असेल, बस कुठे थांबेल, खोदकाम कोणत्या वर्षी संपेल, आणि या पूर्ण लांबीसाठी जबाबदार असा एक अधिकारी कोण, हे लेखी विचारा. रस्ते, पाणी, वाहतूक, बांधकाम परवानगी अशा चार खात्यांची नावं उत्तरात आली, तर तीही नोंदवून ठेवा.