इंजिन खोलण्याआधी चाक फिरवून बघा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज आला. नंतर तोच ऑफिसच्या आणि गावाकडच्या ग्रुपवरही फिरत आला. त्यात म्हटलंय की दहा वर्षांच्या गाडीचं ॲव्हरेज पडलं म्हणजे इंजिन संपलं, एकतर इंजिनकाम करा नाहीतर गाडी काढून टाका. तोवर पेट्रोल पहाटे भरा, एअर फिल्टर बदला, जाड ऑइल घाला, उतारावर न्यूट्रल करा. एवढं करूनही फरक पडला नाही, तर दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा. शेजारच्या काकांनी हे वाचून आपली 2011 ची बाराशे सीसीची पेट्रोल गाडी इंजिनकामाला टाकायची ठरवली. पेन्शनीतले पैसे असे जाताना बघवेना, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

त्याआधी एक प्रश्न. ॲव्हरेज पडलं हे कशावरून? काका हजाराचं पेट्रोल टाकायचे आणि काटा लवकर खाली आला म्हणायचे. त्यावरून काही कळत नाही. टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. अडीचशे-तीनशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर तसंच भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. असं निदान तीनदा करा. रस्ता बदललाय का, तेही आठवा. काकांची मुलगी पवईला राहायला आल्यापासून त्यांची निम्मी फेरी जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) ट्रॅफिकमध्ये जाते. एवढं इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी लावला की आणखी. तरीही तीन टाक्यांचा हिशेब लिटरला 10 किलोमीटरच्या आसपास आला. पूर्वी हीच गाडी 15 द्यायची. म्हणजे तक्रार खरी होती.

आता ‘इंजिन संपलं’ हा मुद्दा. पिस्टनच्या रिंगा झिजलेलं इंजिन ते लपवत नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल कमी होतं, ओढ जाते. शंका असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे कंपनीने दिलेल्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ असतील, तर इंजिनाला हात लावू नका. काकांच्या गाडीत धूर नव्हता, ऑइल जागच्या जागी होतं आणि आकडेही ठीक आले.

मग पेट्रोल जात होतं कुठे? मी त्यांना टेम्परेचरच्या काट्याबद्दल विचारलं. म्हणाले, ‘सिग्नलला वर येतो, हायवेला लागलं की खाली जातो.’ तिथेच उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी गाडी तापते म्हणून एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकला होता. मुंबईच्या उकाड्यात त्याची गरज नाही, असं अनेक मेकॅनिक मनापासून मानतात. ते चूक आहे. हा व्हॉल्व नसला की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहतं. स्कॅनर लावून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गाडी चालवली, तर कूलंट 70 अंशांच्या वर जाईना. ते 85-90 अंशांच्या आसपास हवं. इंजिन अजून गरम व्हायचंय असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडत राहतो, शिवाय थंड ऑइलमुळे घर्षणही वाढतं. गाडी पूर्वी तापत होती, त्याचं कारण रेडिएटरच्या फॅनच्या रिलेत, म्हणजे फॅन चालू करणाऱ्या स्विचमध्ये, निघालं.

दुसरं कारण याहून साधं होतं. गाडी जॅकवर घेऊन, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून मागचं डावं चाक हाताने फिरवलं, तर अर्ध्या फेरीत थांबलं. हँडब्रेकची केबल गंजून अडकली होती. चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या आणि खारी हवा खाल्लेल्या गाडीत हे हमखास होतं. पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरच्या पिनाही अशाच जाम होतात. म्हणून जुन्या गाडीची तपासणी मी नेहमी चाकांपासून सुरू करतो. टायरची हवाही गाडी थंड असताना, दाराच्या पट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघा.

पीयूसीचे जुने कागदही फेकू नका. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दरवेळी चढत असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त पडतंय आणि ऑक्सिजन सेन्सर तपासायला हवा. मात्र सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर चांगला असेल, तर तो हे झाकूही शकतो.

जाड ऑइलचा सल्ला तर उलटाच आहे. पुस्तिकेत 5डब्ल्यू-30 हे पातळ ऑइल लिहिलं असताना 20डब्ल्यू-50 हे जाड घातलं, तर ॲव्हरेज घटतंच, वाढत नाही.

एअर फिल्टर जरूर बदला, पण ॲव्हरेजसाठी नको. कार्बोरेटरच्या गाड्यांत तो चोंदला की पेट्रोल जास्त जायचं. इंजेक्शनच्या गाडीत हवा कमी आली की ईसीयू पेट्रोलही कमी करतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये हे तपासलं तेव्हा फरक ओढीत दिसला, ॲव्हरेजमध्ये जवळपास नाही.

पहाटेच्या पेट्रोलबद्दल फार बोलायला नको. थंड पेट्रोल आकसतं, म्हणून पहाटे त्याच पैशांत जास्त मिळतं, असा तो समज. पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. अगदी 5 अंशांचा फरक धरला, तरी 30 लिटरमागे दीडशे मिलीचा हिशेब होतो.

इथेनॉलची तक्रार खोटी नाही, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही, जुन्या रचनेच्या चारचाकीचं ॲव्हरेज 20 टक्के इथेनॉलने 6-7 टक्के घटेल असं म्हटलंय. म्हणजे 15 चं 14 होईल. 15 चं 10 झालं, तर लिटरमागचे उरलेले 4 किलोमीटर कुठे गेले, ते दुसरीकडे शोधावं लागेल. इथेनॉलमुळे रबरी पाइपांना तडे गेलेत का, पेट्रोलचा वास येतो का, हेही जुन्या गाडीत बघून घ्या.

काकांच्या गाडीत थर्मोस्टॅट व्हॉल्व बसवला, फॅनचा रिले आणि केबल बदलली. पुढच्या तीन टाक्यांत 13 च्या वर मिळालं.

राहिलं उतारावरचं न्यूट्रल, आणि त्याची मला खरी काळजी वाटते. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्टर पेट्रोल सोडणं बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते सोडावंच लागतं. म्हणजे बचत नाहीच. वर बोरघाटात सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. ही ओळ मेसेजमधून काढा, असं मी आमच्या ग्रुपवर लिहिलंय. तुमच्याकडे तो आला तर तुम्हीही लिहा.