'लाईन बॉय' यांना उत्तर: जानेवारीची यादी आणि ऑक्टोबरची यादी

'लाईन बॉय' (म्हणजे पोलीस लाईनीत, पोलिसांच्या वसाहतीत वाढलेला मुलगा) या नावाने गेल्या लेखाखाली आलेली प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, आणि हा राग मला परका नाही. खाली चार ओळी टाकल्या असत्या तर टाळल्यासारखं झालं असतं, म्हणून स्वतंत्र लिहितोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या तालुक्यातल्या निवृत्त पोलिसांचा मेळावा जानेवारीत, महाराष्ट्र पोलीस स्थापना दिनाच्या आठवड्यात भरतो. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते दलाला ध्वज मिळाला, तो हा दिवस. मेळाव्यात वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावं वाचली जातात आणि सगळे उभे राहतात. बक्कल नंबर, नाव, शेवटची नेमणूक, मृत्यूची तारीख, एवढंच. हे प्रत्येक तालुक्यात व्हावं, असं मी लिहिलं होतं.

त्यावर तुम्ही लिहिलंत: "माझे वडील गडचिरोलीत गेले. ऐंशीव्या वर्षी अंथरुणात गेलेल्याच्या नावाला उभं राहायचं, तर माझ्या वडिलांच्या नावाला काय करायचं, जमिनीवर लोळायचं?" पुढे तुम्ही म्हणता की या यादीत अँटी करप्शनच्या सापळ्यात अडकलेले आहेत आणि कोठडीतल्या मारहाणीचा डाग असलेलेही आहेत. आणि शेवटी: "ज्या बायांचे पेन्शनचे कागद अडलेत त्यांना हाराफुलांचे पैसे द्या, नावं कसली वाचता."

वडिलांची गोष्ट आधी.

२१ ऑक्टोबरची, म्हणजे पोलीस स्मृतिदिनाला वाचली जाणारी हुतात्म्यांची यादी आम्ही आमच्या यादीला जोडलेली नाही, जोडणारही नाही. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ पोलीस अधिकारी करमसिंग यांच्या तुकडीवर चिनी सैन्याने दबा धरून हल्ला केला आणि दहा जण गेले. त्यांचे देह परत मिळाले ते १३ नोव्हेंबरला. पुढच्या जानेवारीत राज्याराज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत हा दिवस देशभर पाळायचं ठरलं. तेव्हापासून मुख्यालयांच्या मैदानांवर शोक परेड होते. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर देशभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचली जातात, शस्त्रं उलटी होतात, बिगुल वाजतो. २०१८ च्या २१ ऑक्टोबरला दिल्लीत चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारकाचं लोकार्पण झालं, तेव्हा तिथल्या भिंतीवर ३४,८४४ नावं होती. त्या भिंतीवर आमच्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याचं नाव घाला असं उद्या कोणी म्हणालं, तर पहिला विरोध माझा असेल. तुमच्या वडिलांच्या नावाला आम्ही ऑक्टोबरात मुख्यालयाच्या मैदानावर उभे राहतो. ज्यांचे गुडघे गेलेत तेही खुर्ची नाकारून उभे राहतात.

पंचांग उघडून बघा. पितृपंधरवड्यात चतुर्दशीला शस्त्राने, घाताने गेलेल्यांचं श्राद्ध असतं आणि दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. शस्त्राने गेलेल्यांचा दिवस वेगळा राखलेला आहे. पण म्हणून अमावास्येचं पान कोणी चुकवत नाही, आणि अमावास्येला पान वाढलं म्हणून चतुर्दशीचा मान गेला, असं आजवर कोणाच्या आजीला वाटलेलं नाही.

आता अंथरुणात गेलेल्यांविषयी. तुम्ही लाईनीत वाढलात, तेव्हा हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी सांगतो. बारा तासांची ड्युटी म्हणजे कागदावरचे बारा तास. सुटायची वेळ घड्याळ ठरवत नसे, साहेब ठरवत. गणपती, ईद, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा, यांतलं काहीच घरच्यांबरोबर नाही. आषाढीच्या बंदोबस्ताला वर्षानुवर्षं पंढरपुरात जाऊन विठोबाचं दर्शन न झालेले हवालदार मी तुम्हाला रांगेने दाखवीन. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर मुंबईचे आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. एका शिपायाने मांडलेली कल्पना आयुक्तांनी उचलून धरली, हेच मुळात नवल होतं. आमच्या पिढीतले बहुतेक तोवर पेन्शनीत निघाले होते. रक्तदाब, साखर, पायाच्या फुगलेल्या शिरा, वाहतूक शाखेत असेल तर छाती: हे सामान घेऊन माणूस ५८ व्या वर्षी घरी येतो. तो पुढे अंथरुणात जातो हे खरं, पण ते दुखणं बंदोबस्तातच लागलेलं असतं.

आणि कोण कर्तव्यावर गेला आणि कोण नाही, ही रेघ तुम्ही समजता तेवढी सरळ नाही. कोरोनाचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत ५५ च्या वरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितलं, इतकी भीती होती. ड्युटी करताना लागण होऊन गेलेल्यांच्या घरच्यांसाठी सरकारने ५० लाख जाहीर केले, योग्यच केलं. आता समजा एखादा हवालदार मेअखेरीस निवृत्त झाला, शेवटच्या आठवड्यात त्याला नाकाबंदीवर लागण झाली आणि जूनमध्ये तो गेला. त्याला कोणत्या यादीत घालाल? जानेवारीच्या यादीत त्याला जागा आहे. ज्याने नोकरीत असतानाच स्वतःचं आयुष्य संपवलं, त्याचं नाव तर घरातसुद्धा कोणी मोठ्याने घेत नाही. तो सभासद झालाच नाही, पण त्याच्या बॅचचे सभासद आहेत, ते नाव देतात. आम्ही तेही वाचतो, इतरांसारखंच. कसा गेला, ते कोणाच्याच बाबतीत सांगत नाही.

राहिलं हुतात्म्यांचं. त्यांची तरी सगळी नावं आपण कुठे लक्षात ठेवली? २६ नोव्हेंबर म्हटलं की करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे ही चार नावं शाळकरी पोरगाही सांगतो. जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे, लष्करातून येऊन मुंबई पोलिसांत सहायक फौजदार झालेले. त्यांना अशोकचक्र मिळालं, गिरगाव चौपाटीवर त्यांचं स्मारक झालं, २०२१ मध्ये कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी त्यांचं नाव दिलं. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण शशांक शिंदे, प्रकाश मोरे, बापूसाहेब दुरुगडे, बाळासाहेब भोसले, अरुण चित्ते, जयवंत पाटील, योगेश पाटील, अंबादास पवार, राहुल शिंदे? त्याच हल्ल्यात गेलेली ही माणसं. तुमच्या शेजाऱ्याला यांतली तीन नावं सांगता येतात का, विचारून बघा. गडचिरोलीचं तर तुम्हाला मी काय सांगू. २००९ या एकाच वर्षात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६ आणि लाहेरीला १७ पोलीस गेले. हत्तीगोट्यात पाच महिला शिपाई होत्या. पुण्या-मुंबईच्या किती लोकांना ही तीन गावं नकाशावर दाखवता येतील? हा विसर आमच्या म्हाताऱ्यांनी पाडला नाही. नावं वर्षातून एकदा परेडला वाचायची आणि नंतर कागद फायलीला लावायचा, याने तो पडला. माझ्या अनुभवात ज्या तालुक्यात निवृत्त लोक एकत्र येतात, तिथेच हुतात्म्याच्या घरी दिवाळीला कोणीतरी जातं. कार्यालयात अधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलतो, त्याला मागचं काही माहीत नसतं. म्हातारे गावातच असतात.

डागाळलेल्यांचं. यावर मेळाव्यातही वाद झालाय आणि पुन्हा होईल. बडतर्फ झालेला सभासद नसतो, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटतो. उरतात ते खटल्यातून सुटलेले, चौकशीत वेतनवाढ रोखली गेलेले, आणि ज्यांच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असून कागदावर काहीच नाही असे. तुम्ही म्हणता, त्यांची नावं गाळा. कोणी गाळायची? मी? ज्यांच्याबरोबर मी रात्रपाळ्या केल्या त्यांच्यावर मेल्यानंतर मी निकाल द्यायचा? आमच्यातल्या एकाने तशी समिती नेमायची सूचनाही केली होती. तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "आधी समितीची चौकशी करा", आणि सभा हसण्यावारी गेली. याच कारणासाठी आमच्या यादीत विशेषणं नाहीत. 'कर्तव्यदक्ष' नाही, 'निष्कलंक' नाही, 'दिलदार' नाही. भाषण नाही. नाव वाचलं म्हणून कोणी स्वच्छ झाला असं आम्ही म्हणत नाही. कोठडीत ज्याचा माणूस गेला त्या घराच्या रागाला आमच्या यादीने उत्तर मिळत नाही, आणि ते देण्याचा आव आम्ही आणू नये. ते काम कोर्टाचं, आणि तिथे पोलिसांनी आपल्या माणसाला पाठीशी घालू नये, हेही माझं मत लिहून ठेवा.

जाता जाता सांगतो, यादीचा क्रम मृत्यूच्या तारखेप्रमाणे असतो. एका निवृत्त साहेबांनी अधिकाऱ्यांची नावं आधी घ्यावीत असा आग्रह धरला होता. जानेवारीत गेलेल्या शिपायानंतर मार्चमध्ये गेलेल्या उपअधीक्षकांचं नाव येतं, हे त्यांना पचेना. अजूनही पचलेलं नाही, पण येतात ते.

पेन्शनच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण तिथे तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत आणि तरीही तुम्ही उलटं बघताय.

पेन्शनर गेला की त्याच्या बायकोचं कुटुंब निवृत्तिवेतन आपोआप सुरू होईल, असं सगळ्यांना वाटतं. होतं ते असं. मृत्यूचा दाखला बँकेत द्यायला उशीर होतो. तोवर मयताच्या खात्यात पेन्शन पडत राहते, पोरगा एटीएमने काढत राहतो, घरखर्च, दिवसकार्य, दवाखान्याची उधारी. मग कधीतरी नोव्हेंबर येतो, हयातीचा दाखला जात नाही, पेन्शन थांबते आणि बँक मागच्या महिन्यांची वसुली काढते. त्यात पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, सापडत नाही. सापडला तर सेवापुस्तकात बाईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. जन्मतारीख तर त्या पिढीतल्या बायकांची शाळेतल्या गुरुजींनी नाहीतर तलाठ्याने ठरवलेली. कोषागार म्हणतं महालेखाकारांकडून दुरुस्ती आणा, तिकडून उत्तर येतं ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तिथून प्रस्ताव पाठवा, आणि त्या कार्यालयातला कारकून म्हणतो जुनी फाईल शोधावी लागेल. आमच्याकडच्या एका बाईंचे यात कित्येक महिने गेले. सुरू झाल्यावरही धक्का असतोच: सुरुवातीचा वाढीव दर ठरावीक काळापुरताच असतो, नंतर रक्कम एकदम खाली येते, आणि हे तिला आधी कोणी सांगितलेलं नसतं. १ नोव्हेंबर २००५ पासून भरती झालेल्यांना जुनी पेन्शन योजना नाही, त्यांचं गणित आणखी निराळं. ती पोरं निवृत्त होऊ लागली की काय होईल, याची मला आत्ताच धास्ती आहे.

आता हे आम्हाला कळतं कसं, ते ऐका. यादीत नाव वाचायचं तर तारीख बिनचूक हवी. तारखेसाठी मृत्यूचा दाखला बघावा लागतो. दाखला बघायला कोणीतरी घरी जावं लागतं. आमचे सचिव नोकरीत असताना मुद्देमाल सांभाळत असत. एक कागद इकडचा तिकडे झालेला त्यांना चालत नाही. ते डिसेंबरात गावोगाव फिरतात, ओट्यावर बसतात, चहा घेतात, दाखला मागतात, आणि मग विचारतात, "वहिनी, पेन्शन चालू झाली का?" अडलेली बहुतेक प्रकरणं या प्रश्नातूनच बाहेर पडली. नुसता 'मदत कक्ष' काढला असता तर साठी उलटलेली बाई एसटीने तालुक्याला येऊन आमच्यापुढे रडली नसती. तिला वाटतं, साहेब लोकांना कशाला त्रास द्यायचा. नवऱ्याचं नाव वाचणार म्हणून आलेल्या माणसाला मात्र ती डबा उघडून सगळे कागद दाखवते. तुम्ही म्हणता नावं वाचणं बंद करून तो पैसा मदतीला द्या. नावं वाचायला पैसे लागत नाहीत. लागतो तो सचिवांच्या स्कूटरचा पेट्रोलखर्च, आणि तोही ते मागत नाहीत.

पैसे जातात फ्लेक्सवर. मयतांचे फोटो टपालाच्या तिकिटाएवढे आणि शुभेच्छुक, निमंत्रक, अध्यक्ष यांचे हातभर. हाराफुलांवर, शालींवर, पाहुण्यांच्या फेट्यांवर जातात. इथे तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं घेतो. पुढच्या कार्यकारिणीत मांडायचा ठराव लिहून ठेवलाय: फ्लेक्स नाही, शाल-श्रीफळ नाही, वाचलेली रक्कम पेन्शन प्रकरणांच्या झेरॉक्स, शपथपत्र आणि प्रवासखर्चासाठी. विरोध होणार, कारण फोटो ज्यांचे छापले जातात तेच मतदानाला असतात. तुम्ही लाईनीतले आहात, तालुक्यात असाल तर त्या बैठकीला या. सभासदांच्या मुलांना बोलता येतं, आमच्या घटनेत तशी तरतूद आहे, फक्त आजवर कोणी वापरलेली नाही. आल्यावर यादीविरुद्धही बोलायचं असेल तर बोला. तिथे तुमचा वेळ कापू नये एवढं अध्यक्षांना मी आधीच सांगून ठेवतो.