सराफानाचं नातं साडीशी नाही, शिरपावाशी आहे

‘रशिया म्हणजे ऋषींचा देश. तिथल्या बायका सराफान नेसतात, सराफान म्हणजेच आपली साडी. डोक्यावरचा कोकोश्निक म्हणजे देवीचा मुकुट, भरतकामात स्वस्तिक, आणि हा पोशाख पाच हजार वर्षं जसाच्या तसा.’ फोटोसकट फिरणारा हा मजकूर मावशीने तिसऱ्यांदा पाठवलाय, खाली हात जोडून ‘अभिमान आहे’. फोटोतल्या बाईच्या अंगात खांद्याला पट्टे असलेला, पुढे वरपासून खालपर्यंत बटणं लावलेला झगा आहे. साडीला बटणं कधीपासून लागली?

आधी शब्द, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. सराफान आला फारसी ‘सरापा’वरून, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंत, तुर्की भाषांमधून तो रशियनमध्ये पोचला. तोच शब्द आपल्याकडे दरबारी मानाच्या वस्त्रांसाठी ‘शिरपाव’ झाला. मराठीशी नातं हवंच असेल तर हे घ्या, आयतं आहे. पण ते फारसीच्या वाटेने आलेलं, त्यामुळे फॉरवर्डवाल्यांना चालायचं नाही.

शिवाय सराफान मुळात बायकांचा नव्हताच. निकॉनच्या इतिवृत्तात, म्हणजे एका जुन्या रशियन बखरीत, १३७६ सालाखाली तो येतो तो पुरुषांचा लांब अंगरखा म्हणून. बायकांचा पोशाख म्हणून तो रुळला सतराव्या शतकात. १७०० नंतर रशियाचा झार पीटर याच्या हुकुमांनी सरदार मंडळींना युरोपीय कपडे घालावे लागले आणि सराफान शेतकरी-व्यापारी घरांत उरला. पाच हजार वर्षांचा हिशेब इथेच आटोपला.

आता साडीचं. या बाबतीत एक साक्षीदार असा आहे की त्याच्यापुढे बाकी वाद फोल आहे. त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या आसपास चौलला उतरला आणि तिथून जुन्नर, बिदरला गेला. चौलच्या लोकांचे कपडे त्याने लिहून ठेवलेत: राजाच्या डोक्याला एक ‘फोता’ आणि कमरेला दुसरा, राण्यांच्या खांद्यावरून गुंडाळलेला एक आणि कमरेला दुसरा. फोता म्हणजे न शिवलेलं, गुंडाळायचं कापड. रशियन माणूस, कोकणचा किनारा, समोर नेसलेली वस्त्रं, आणि त्या ओळीत सराफान हा शब्द नाही. त्याला फरक दिसला. आपल्याला फोटोत दिसत नाही.

फरक कापडातच आहे. रशियन खेड्यातल्या हातमागाचा पन्हा जेमतेम ४० सेंटिमीटर, आपल्या साडीचा सव्वा वार. एवढ्या अरुंद पट्ट्यात अंग झाकायचं तर जोड देण्यावाचून इलाज नाही. जुन्या पद्धतीच्या सराफानात पुढे दोन सरळ पट्टे, मागे एक, आणि दोन्ही बाजूंना तिरक्या कळ्या, म्हणजे घेरासाठीचे त्रिकोणी तुकडे, असतात. कळ्यांसाठी लांबट चौकोन कर्णावर कापायचा, म्हणजे कापड वाया जात नाही. शिवताना कळीची तिरकी कड पट्ट्याच्या सरळ कडेला जोडायची. दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडल्या की शिवण ओघळते आणि घेर एका बाजूला लोंबतो. तरीही तिरकं कापड थोडं ताणतंच, म्हणून खालची दुमड घालण्याआधी कपडा दिवसभर टांगून ठेवावा, मग घेर कापून सारखा करावा. नंतरचा, एकोणिसाव्या शतकात पसरलेला प्रकार सोपा आहे: पाच ते सात सरळ पट्टे जोडायचे, वरच्या कडेला चुण्या घालून अरुंद पट्टीत बसवायच्या, खांद्याला पट्टे. चुण्यांना एकच धावदोरा घातला तर त्या सरकून एका जागी गोळा होतात. समांतर दोन-तीन दोरे लागतात. आणि फोटोत दिसणाऱ्या बाह्या सराफानाच्या नाहीतच, त्या आतल्या सदऱ्याच्या आहेत. या सदऱ्याचा वरचा भाग बारीक लिननचा आणि खालचा, जो दिसत नाही, जाड्याभरड्या कापडाचा. यात नेसण्यासारखं काय आहे?

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, मनात नसलं तरी. रियाझान, तांबोव, वोरोनेझ या दक्षिणेकडच्या भागात लग्न झालेल्या बायका सराफान नव्हे, ‘पोन्योवा’ घालत: चौकड्यांच्या लोकरी कापडाचे तीन पट्टे नाडीवर ओवून कमरेभोवती बांधलेले, जुन्या प्रकारात पुढून उघडे. याला गुंडाळायचं वस्त्र म्हणता येईल. पण ते सदऱ्यावर कमरेपासून खालीच असतं, पदर नाही, वरून एप्रन. माग असलेल्या कुठल्याही समाजाला कापड कमरेला बांधायचं सुचतं, त्यासाठी ऋषी लागत नाहीत.

स्वस्तिक? आहे. उत्तर रशियातल्या वोलोग्दा, अर्खांगेल्स्ककडच्या भरतकामात खरंच आहे. तसं ते फिनलंड, करेलिया आणि बाल्टिक किनाऱ्यावरही आहे. दोरे मोजून टाके घालायचे म्हटलं की तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांनीच जाते, आणि आकड्या, चौकटी, स्वस्तिक असे आकार हातातून आपसूक पडतात. कसुती, म्हणजे धारवाडकडचं दोरे मोजून करायचं भरतकाम, करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. त्यातला गवंती टाका रशियातही आहे, तिथे ‘रोस्पिस’ म्हणतात: जाताना एक आड एक टाका, परतताना मोकळ्या जागा भरायच्या, दोन्ही बाजू सारख्या. जाताना एक दोरा चुकला की परतीचा टाका जुळत नाही, उसवावंच लागतं. हाच टाका स्पेनमध्येही आहे. आता स्पेनचंही एखादं संस्कृत नाव काढा.

कोकोश्निक ‘कोकोश’वरून, म्हणजे कोंबडी. मुकुटाचं एवढंच. तो लग्न झालेल्या बाईचा, केस पूर्ण झाकणारा. कुमारिकेच्या डोक्यावर वरून उघडी पट्टी आणि पाठीवर एक वेणी. ‘रूस’ची, म्हणजे रशियाच्या जुन्या नावाची, बहुतेक अभ्यासकांना मान्य असलेली व्युत्पत्ती उत्तरेकडच्या वल्हेकऱ्यांशी जाते, ऋषींशी नाही.

भारताचा खरा धागा त्या फोटोतच होता, बाईच्या खांद्यावरच्या शालीत. मॉस्कोजवळच्या पावलोव्स्की पोसादच्या छापील लोकरी शालींवर फुलांसोबत अनेकदा कोयरी असते. ती काश्मिरी शालींवरून युरोपात गाजली आणि तिथून रशियात उतरली. पोसादला ती कोरीव लाकडी ठशांनी छापत. रशियन लोक या कोयरीला ‘तुर्की काकडी’ म्हणतात.