चांदूर बाजारच्या दुकानाकडून उत्तर: भाऊ, आधी ती सायकल उभी करा

भाऊ, तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं ऐका. सीटपोस्टजवळची (सीटच्या दांड्याजवळची) ती चीर मी डोळ्यांनी पाहीपर्यंत सायकल चालवू नका. चिखलदऱ्याच्या घाटात तर अजिबात नेऊ नका.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाऊंनी चीनमधून मागवलेल्या बिननावाच्या कार्बन फ्रेमवर माझ्याकडून पूर्ण सायकल बांधून घेतली. त्यांचं म्हणणं असं: तीन आठवडे सांगून सात लावले, पायडलवर जोर दिला की खालून करकर वाजते, सीट ट्यूबच्या, म्हणजे सीटचा दांडा जातो त्या नळीच्या, तोंडाशी चीर दिसते आणि मी 'डुप्लिकेट चायना माल ब्रँडच्या भावात' खपवतो.

करकरीचा दोष माझा आहे. तुमच्या फ्रेममध्ये बीबीचे (पायडलचा आस फिरतो त्या बेअरिंगचे) कप आट्यांनी नाही, दाबून बसतात. त्या भोकाचा व्यास 41 मिलिमीटर असायला हवा. जूनमध्ये तुम्ही सायकल आणली तेव्हा कप काढून मोजलं, तर चेनच्या बाजूला 41.1 च्या वर निघालं. एवढ्या फटीतही कप हलतो, आणि कार्बनची नळी पोकळ असल्याने तो आवाज ढोलासारखा मोठा होतो. हे माप मी मार्चमध्ये, कप दाबायच्या आधी घ्यायला हवं होतं. बाकी तपासणी केली होती. नळ्यांत टॉर्च टाकून आतल्या थरांना सुरकुती आहे का पाहिलं. हँडलखालच्या हेड ट्यूबला सुतळीचा वेढा घालून तिची टोकं मागचं चाक बसतं त्या दोन्ही ड्रॉपआउटपर्यंत ताणली आणि सीट ट्यूबपासूनचं अंतर दोन्हीकडे मोजलं, ते सारखं आलं. पण सायकल आधीच उशिरा झाली होती, तुमचे रोज फोन येत होते, आणि त्या घाईत मापायचं व्हर्निअर ड्रॉवरमध्येच राहिलं. जूनमध्येही मी लॉकिंग लिक्विड लावून 'आता होऊन जाईल' म्हणालो. नाही झालं. आता एकमेकांत आट्यांनी फिरवून घट्ट होणारे दोन कपांचे बीबी मागवले आहे. ते भोकाच्या भरवशावर राहत नाही. त्याचा आणि मजुरीचा एक रुपयाही तुम्ही द्यायचा नाही. पुढच्या सगळ्या फ्रेम मी आट्यांच्या बीबीच्याच मागवणार आहे.

उशिराचं कारण साधं आहे. ऑर्डर जानेवारीच्या मध्यावर गेली आणि लगेच चिनी नववर्षाची सुट्टी लागली. तेव्हा तिकडचे कारखाने आठवडेच्या आठवडे बंद असतात. मला हे माहीत होतं, तरी 'तीन आठवडे' माझ्या तोंडून गेलं. त्याबद्दल माफी मागतो.

'डुप्लिकेट' हा शब्द मात्र मी घेणार नाही, कारण तो खरा नाही. मोठ्या कंपनीचं नाव चोरून लावलेली फ्रेम म्हणजे डुप्लिकेट. तुमच्या फ्रेमवर कोणाचंच नाव नाही आणि बिलावरही मी 'ब्रँड नाही' असंच लिहिलं आहे. दर महिन्याला एखादा पोट्टा येतो आणि म्हणतो, काका, यावर अमक्याचं स्टिकर मारून द्या, कोणाला कळतं. मी आजवर एकही मारलेलं नाही. जगातल्या बहुतेक कार्बन फ्रेम, नावाच्या असोत की बिननावाच्या, चीन आणि तैवानमध्येच हाताने थर लावून बनतात. फरक पुढे पडतो. मोठी कंपनी स्वतःचा साचा करते, फ्रेम मोडेपर्यंत तपासते, वॉरंटीला माणूस बसवते, आणि या सगळ्याचे पैसे किमतीत धरते. आपल्या फ्रेमचा साचा कारखान्याचा आहे, त्यातून निघालेली तीच फ्रेम दहा विक्रेते विकतात. ते 'टी 1000' (जास्त ताकदीचा कार्बन) धागा लिहून देतात. धागा कोणता, हे दुकानात बसून मला तपासता येत नाही, म्हणून बिलावर मी तसं कधीच लिहीत नाही.

तुमची फ्रेम, फोर्क आणि हँडलबार कस्टम ड्यूटीसकट 61,000 ला पडले. चाकं, गिअर, ब्रेक आणि माझी मजुरी बिलावर वेगवेगळी लिहिली आहे. ब्रँडचा भाव मी घेतलेला नाही.

आता चीर. तुम्हीच लिहिलं आहे की सीट खाली घसरत होती म्हणून 'चांगली आवळली'. सीटपोस्ट धरणाऱ्या त्या क्लॅम्पवर आवळायच्या जोराची मर्यादा, 5 न्यूटन मीटर, छापली आहे, आणि साध्या एल-कीने जोर लावला की हाताला न कळता त्याच्या दुप्पट होतं. सीट घसरली तर पोस्ट काढून, पुसून, डबीत दिलेली रवाळ कार्बन पेस्ट लावायची आणि टॉर्क पान्याने 5 पर्यंतच आवळायचं. तिथे ग्रीस लावलं की ती आणखी घसरते आणि माणूस आणखी आवळतो. हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं, लिहून दिलं नाही. डिलिव्हरीच्या गडबडीत तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहतं? आजपासून प्रत्येक सायकलीसोबत मराठीत लिहिलेला कागद जाईल.

चीर नुसती रंगाला आहे की आतल्या कार्बनला, हे फोटोवरून सांगता येत नाही. पोस्ट काढून, स्पिरिटने पुसून भिंगाखाली पाहीन आणि आजूबाजूला नाणं वाजवीन. जिथे आवाज बोदा येतो तिथे थर सुटलेले असू शकतात. दोष फ्रेमचा निघाला तर नवी फ्रेम माझ्याकडून, विक्रेत्याशी मी भांडेन. आवळल्यानेच गेली असेल तर नवी फ्रेम मला पडेल त्या भावात देईन, मजुरी घेणार नाही. उन्हाने तडकली का, असंही तुम्ही विचारलं आहे. नाही. धागे धरून ठेवणारी त्यातली रेझिन साच्यात शंभर अंशांच्या वर भाजून पक्की होते, आपल्या 45-46 च्या मे महिन्याने तिला काही होत नाही.

तुमच्या तिसऱ्या फोटोकडे मात्र मी बराच वेळ पाहत बसलो. मागचं टायर आणि चेनस्टे (पायडलपासून मागच्या चाकापर्यंतची फ्रेमची नळी) यांच्यामध्ये काळी माती वाळून घट्ट बसली आहे. संत्र्याच्या बागांमधल्या पांदणीने गेलात ना? आपली कपाशीची माती ओली असताना टायरला लपेटून येते, त्या बारीक जागेत अडकते, आणि चाक फिरताना तिच्यातली रेती पॉलिश पेपरसारखी कार्बन खात जाते. आधी रंग जातो, मग धागे. असंच आतून अर्धं घासलेलं चेनस्टे गेल्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर आलं होतं, आणि ती फ्रेम नावाजलेल्या ब्रँडची होती. आता पाणी मारून माती भिजवा आणि हाताने काढा, स्क्रूड्रायव्हर घालू नका. पुसल्यावर काळा, रंग नसलेला चट्टा दिसला तर फोटो पाठवा. सायकल परत रस्त्यावर आली की पावसाळ्यात पांदणीला ती नेऊ नका, जुनी लोखंडी न्या.

शुक्रवारी मी सामानासाठी परतवाड्याला येतो आहे. दुपारी गाडीत तुमची सायकल टाकून घेऊन येईन, भाडं नको. तोवर सीटपोस्टला हात लावू नका. वरखाली करू नका, क्लॅम्पही ढिला करू नका. आहे तशीच मला पाहू द्या.