दहा ॲप, पन्नास लाख सेफ? काकांच्या फॉरवर्डला माझं उत्तर

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर काकांनी मेसेज टाकला, 'शाखा नसलेल्या बँका: जुन्या बँकांचा खेळ खलास'. खाली पाच मुद्दे, शेवटी दोन गुलाब आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. हाच मेसेज मला सोसायटीच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर आधीच आला होता, मी सोडून दिला होता. पण काका बेस्टमधून रिटायर झालेत, ग्रॅच्युइटी हातात आलीय, आणि मेसेजखाली त्यांनी लिहिलं होतं, 'मी केलं, तुम्हीही करा'. आता गप्प कसं बसणार.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. शाखांचं भाडं नाही म्हणून व्याज कायम जास्त. जुन्या बँकांना टेक्नॉलॉजी जमत नाही, त्या संपणार. ॲप कधीच बंद नसतं. मध्ये माणूस नाही म्हणून घोटाळा नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे प्रत्येक ॲपमागे पाच लाखांचा सरकारी विमा, दहा ॲप घ्या, पन्नास लाख सेफ.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण काकांनी नेमकं तेच केलं होतं. संध्याकाळी भांडुपला गेलो, काकीने चहा ठेवला, काकांनी फोन माझ्या हातात दिला. दोन ॲप, एक जांभळं, एक हिरवं, दोघांची नावं वेगळी, कार्डं वेगळी, प्रत्येकात साडेचार लाख. म्हटलं काका, खात्याचा आयएफएससी कोड दाखवा. दोन्हीकडे पहिली चार अक्षरं तीच. काका म्हणाले, 'असेल योगायोग'. अहो कसला योगायोग, ती चार अक्षरं म्हणजे बँकेचं नाव असतं, पाचवा शून्य आणि पुढचे सहा शाखेचे. म्हणजे दोन ॲप, पण बँक एकच. आणि गंमत बघा, ज्याला शाखा नाही म्हणून मेसेज नाचतोय त्या खात्यालाही शाखा आहेच, फक्त ती बंगळुरूला आहे आणि काकांनी ती जन्मात पाहिलेली नाही.

आपल्याकडे ही जी चकचकीत ॲप आहेत त्यातली बरीच बँक नाहीतच. निती आयोगाने 2022 मध्ये डिजिटल बँकांना वेगळा परवाना द्या असं सुचवलं होतं, पण नुसत्या ऑनलाइन बँकेसाठी असा परवाना आपल्याकडे आलेला नाही. त्यामुळे ॲपवाले एखाद्या परवानाधारक बँकेशी टाय-अप करतात, दिसणं त्यांचं, पैसे मात्र बँकेत. आणि विमा देणारं डीआयसीजीसी हे रिझर्व्ह बँकेचं महामंडळ, ऑफिस आपल्या मुंबई सेंट्रल स्टेशनसमोर, त्यांचा नियम सरळ आहे: एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा, सेव्हिंग, एफडी, सगळं एकत्र धरून, मुद्दल अधिक व्याज मिळून पाच लाख. 4 फेब्रुवारी 2020 आधी हे फक्त एक लाख होतं. विमा बँकेला असतो, ॲपला नसतो. म्हणजे काकांच्या नऊ लाखांतले चार लाख आणि वरचं व्याज विम्याच्या बाहेर. बँक बुडेलच असं मी म्हणत नाही, चांगली बँक आहे ती. पण मेसेज 'सेफ' म्हणतोय ना.

बरं, ॲपवालाच बुडाला तर? अमेरिकेत 2024 मध्ये सिनॅप्स नावाची कंपनी दिवाळखोरीत गेली. ही ॲप आणि बँक यांच्या मधली दलाल, कुणाचे किती पैसे ह्याचा हिशोब तिच्याकडे. हिशोब जुळेना, लाखाहून जास्त लोकांची खाती गोठली, आणि तिथला ठेव विमा मिळेना, का तर बँक बुडालीच नव्हती, बुडाला होता मधला माणूस! आपल्याकडे खातं सहसा थेट आपल्या नावाने बँकेतच उघडतं, तेवढी गोष्ट बरी. ॲप बंद पडलं तरी खातं बँकेत राहतं. पण त्यासाठी बँक कुठली हे तरी ठाऊक पाहिजे की नको? काकांना ठाऊक नव्हतं.

आता व्याज. शाखांचं भाडं वाचतं, खरंय, दादर-अंधेरीला रस्त्यालगत गाळा घ्यायचा म्हणजे काय भाव आहे ते मुंबईकराला सांगायला नको. एवढं मान्य. पण वाचलेला पैसा ठेवीदाराला 'कायम' मिळतो हे कुठून काढलं? त्यातला बराच कॅशबॅक, जाहिराती, कॉल सेंटर आणि सर्व्हरवर जातो. एअरटेल पेमेंट्स बँक जानेवारी 2017 मध्ये सेव्हिंगवर 7.25 टक्के देत आली. पेमेंट्स बँकेला कर्ज द्यायची परवानगीच नाही, ठेवीतला बहुतेक पैसा सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, मग एवढं व्याज कशातून परवडणार? ते गिऱ्हाईक ओढायला होतं, नंतर उतरलंच. स्मॉल फायनान्स बँका जास्त देतात ते शाखा नाहीत म्हणून नाही, शाखा आहेत त्यांना. छोट्या कर्जदारांना महाग दराने कर्ज देतात, जोखीमही तेवढी घेतात, म्हणून देतात.

जुन्या बँका संपणार म्हणे. स्टेट बँकेचं योनो ॲप आणि कोटक बँकेचं 811 हे डिजिटल खातं, दोन्ही 2017 सालची. जुन्यांनी नव्यांचाच खेळ उचलला, तोही आधीचे करोडो खातेदार हाताशी असताना. आणि सिंगापूरची डीबीएस बँक, जी 2016 मध्ये मुंबईत डिजीबँक हे ॲप घेऊन आली, शाखेशिवाय, कागदाशिवाय असा गाजावाजा करत, तिच्यात नोव्हेंबर 2020 मध्ये लक्ष्मी विलास बँक विलीन झाली तेव्हा साडेपाचशेच्या वर शाखा आल्या. शाखांना अडगळ म्हणणाऱ्या मेसेजमध्ये हे कसं नाही बुवा.

ॲप कधी बंद नसतं, ह्याला एका ओळीत: नोव्हेंबर 2020 मध्ये एचडीएफसी बँकेच्या डेटा सेंटरची वीज गेली, सेवा कोलमडली, आणि रिझर्व्ह बँकेने तिला नवीन डिजिटल प्रॉडक्ट आणि क्रेडिट कार्डं काढायला बंदी घातली. एप्रिल 2024 मध्ये कोटकलाही ऑनलाइन नवीन ग्राहक घ्यायला मनाई झाली. एवढ्या मोठ्यांची ही गत.

माणूस नाही म्हणून घोटाळा नाही, ह्यात थोडं तथ्य आहे असं वाटू शकतं. फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईतल्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, आतल्याच माणसांवर 122 कोटींच्या अफरातफरीचा गुन्हा दाखल झाला, शाखांबाहेरच्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तर 137 शाखा होत्या, तरी सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आल्यावर सुरुवातीला हजार रुपयेच काढू दिले. तेव्हा शाखा असली की पैसे सुरक्षित, असंही नाही. पण ॲपमध्ये चोराला आतला माणूस लागत नाही, तुम्हीच पुरता. फोनवर कुणीतरी 'केवायसी एक्स्पायर होतंय' म्हणतो, तुम्ही लिंक दाबता, ओटीपी सांगता. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे तुमची चूक नसेल, तिसऱ्याच कुणीतरी केलं असेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवलं की नुकसान तुमच्यावर नाही. पण ओटीपी स्वतः दिलात तर बँकेला कळवेपर्यंतचा फटका तुमचाच. शाखेत काउंटरवरची बाई निदान विचारायची, 'काका, एवढे कुणाला पाठवताय?'

तर आम्ही काय केलं. हिरव्या ॲपमधली एफडी मोडली तर व्याज कापणार होते, ती मुदत संपेपर्यंत राहू दिली. जांभळ्यातले सेव्हिंगचे पैसे भांडुप स्टेशनजवळच्या वेगळ्या बँकेत हलवले, जिथे काका पासबुक भरायला तसेही जातात. सायबर हेल्पलाइनचा 1930 त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केला. निघताना काकांनी ग्रुपवर आयएफएससीच्या चार अक्षरांचा मेसेज टाकला. पाच मिनिटांत आत्याचा रिप्लाय आला, 'छान माहिती. कुठलं ॲप घेऊ?'