भाड्याची असली तरी ब्रेक आपल्यालाच दाबायचा असतो

सप्टेंबरमध्ये इथे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला नवीन आलेल्या आपल्या मुलामुलींसाठी मुद्दाम लिहितेय. तुमच्यातल्या बहुतेकांनी महिन्याला वीसेक युरो भरून कंपनीची सायकल भाड्याने घेतली असेल. चांगलं केलंत, मीही तीन वर्षं तशीच वापरतेय. फक्त "दुरुस्ती कंपनी बघते" म्हणून सायकलकडे बघायचंच सोडू नका.

इथल्या साध्या सायकलींना मागचा ब्रेक पायात असतो. पेडल उलटं दाबलं की चाक थांबतं. तो जोर चेनमधूनच चाकापर्यंत जातो, म्हणजे चेन उतरली की मागचा ब्रेकही गेला. हे मला माहीत नव्हतं. पहिल्या नोव्हेंबरात दोन आठवडे माझी चेन कव्हरच्या आत खडखडत होती. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे सैल झालेली दिसत नाही, फक्त ऐकू येते. मी ऐकत होते आणि "चालतेय ना" म्हणत होते. एका संध्याकाळी पावसात कालव्याच्या पुलावरून उतरताना पाय उलटा दाबला तर पेडल नुसतंच गर्रकन मागे फिरलं. खाली वळण, समोरून मुलाला पुढे बसवून एक बाई येत होत्या. हँडलचा पुढचा ब्रेक होता म्हणून थांबले. हात नंतर बराच वेळ थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने मागचं चाक जरा मागे ओढून नट आवळले. दहा मिनिटांचं काम, पैसे शून्य. झिजेची दुरुस्ती वर्गणीतच धरलेली असते. मग मी दोन आठवडे का थांबले? आपल्याला तक्रार करायचा संकोच वाटतो, लोक काय म्हणतील असं वाटतं. हा संकोच सोडा. खडखड, कुरकुर, ब्रेक दाबल्यावर घासल्यासारखा आवाज, मागचा दिवा मंद होणं, यातलं काहीही असलं तरी त्याच दिवशी कळवा.

हवा मात्र तुमची तुम्ही भरा. व्हॉल्व्ह बहुतेक सायकलींना आपल्या हिरो-ॲटलसच्याच जुन्या पद्धतीचा असतो, पाहून घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. किती भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. हवा कमी असताना फुटपाथच्या कडेवर चढवलीत की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. मेकॅनिक त्या बघूनच ओळखतो. मागे कॅरिअरवर मैत्रिणीला बसवून विटांच्या रस्त्यावरून जाणार असाल तर आधी हवा बघाच. चाक आउट होतं, म्हणजे वाकडं फिरायला लागतं, ते बऱ्याचदा अशाच वेळी, आणि ती झीज की तुमचा निष्काळजीपणा यावर मग वाद होतो. सायकल ताब्यात घेतानाच चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

थंडीत बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते नट, तारा, कुलूप सगळ्याला धरतं. ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा, कुलपात तेलाचा थेंब सोडा. डिसेंबरच्या रात्री किल्ली फिरेना म्हणून रडवेली झालेली मुलगी मी पाहिलीय.

माझ्याकडे पायाने मारायचा पंप आहे, नट आवळायचे पानेही आहेत. शनिवारी सकाळी 11 नंतर घरीच असते, मेसेज करून या. चहा होईल आणि चेनचा आवाजही ऐकू.