‘आधी लेन्स द्या, मग सल्ला’: रात्रीच्या कबड्डीच्या फोटोंवर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रकाशझोतातल्या कबड्डीवरच्या आमच्या लेखाखाली कोपरीच्या एका वाचकांनी सणसणीत प्रतिक्रिया दिली आहे. थोडक्यात ती अशी: ‘शटर १/१००० ठेवा, आयएसओला घाबरू नका, हे सांगणं सोपं आहे. माझ्याकडे कॅनन १५००डी आणि ५५-२५० आहे. २५० वर लेन्स एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही आणि आयएसओ १२८०० वर फोटोचा रवा होतो. त्यात एक फ्रेम उजळ, तर पुढची पिवळट काळी. चढाईपटूची नुसती पाठ येते. डी. वाय. पाटीलवर मोठ्या पांढऱ्या लेन्स घेऊन बसणाऱ्यांना तुमचे लेख लखलाभ. हा पैशाचा खेळ आहे, एवढं एकदा सांगून टाका.’

(नवख्यांसाठी: शटर १/१००० म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात घेतलेला फोटो. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, तो वाढवला की फोटो दाणेदार होतो, तोच हा ‘रवा’.) तीन तक्रारी आणि एक निष्कर्ष. तक्रारी तिन्ही खऱ्या आहेत. निष्कर्ष मात्र पटत नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी डी. वाय. पाटील. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळच्या त्या मैदानावर झाला. तिथे फोटोग्राफर सीमारेषेबाहेर बसतो आणि खेळपट्टी त्याच्यापासून साठ-सत्तर मीटर लांब असते. जागा बदलून अंतर कमी करायची सोय नाही, त्यामुळे ४०० एमएमला पर्याय नाही. पण तुमच्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २५० एमएम लावली की फ्रेममध्ये तेवढंच दृश्य मावतं जेवढं मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेमवर ४०० मध्ये मावतं. सत्तर मीटरवर साधारण सव्वासहा मीटर रुंदी. फरक आहे तो एफ/२.८ आणि एफ/५.६ मधल्या दोन स्टॉप उजेडाचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). भर उन्हात त्याने काही अडत नाही, कारण एफ/५.६ आणि १/२००० ला आयएसओ २०० पुरतो. रात्री मात्र अडतं. तेव्हा रात्रीच्या क्रिकेटपुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

कबड्डीचं तसं नाही. पुरुषांचं क्रीडांगण १३ बाय १० मीटर, म्हणजे तुमच्या बाजूचा अर्धा भाग जेमतेम साडेसहा मीटर खोल. इथे २५० एमएम लावून मंडपाच्या मागच्या रांगेतून फोटो काढायचे म्हणजे आपणच आपला उजेड कमी करून घ्यायचा.

आता रव्याचा हिशेब. ठाण्यात रात्रीच्या स्पर्धांना चार खांबांवर जेवढे दिवे लावतात, तेवढ्या उजेडात एफ/५.६ आणि १/१००० साठी साधारण आयएसओ २५६०० लागतो. १५००डी ची नेहमीची मर्यादा ६४००. १२८०० ही मेनूतून वाढवून घेतलेली. म्हणजे तुमची फ्रेम मुळात एक स्टॉप काळी निघाली, आणि नंतर मोबाईलवर जेपेग उजळताना सावल्यांतली घाण वर आली. फोटो आयएसओने जितका बिघडतो त्याहून जास्त कमी उजेड घेतल्याने बिघडतो. आयएसओ ६४०० वर नीट उजळ घेतलेली फ्रेम आयएसओ ३२०० वर काळी घेऊन मग वर ओढलेल्या जेपेगपेक्षा केव्हाही स्वच्छ दिसते.

त्याच उजेडात ५० एमएम एफ/१.८ एफ/२ वर लावा. एफ/५.६ ते एफ/२ म्हणजे तीन स्टॉप. १/१००० ला आयएसओ ३२००, १/५०० ला १६००. ही लेन्स नवी घेतली तरी मोठ्या झूमच्या किमतीच्या आसपासही जात नाही, आणि सेकंडहँड भरपूर मिळते. निकॉनवाल्यांसाठी एक सूचना: डी३५००, डी५६०० या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी ५० एमएम ‘डी’ लेन्स त्यांवर ऑटोफोकस करत नाही. ‘एएफ-एस जी’च घ्या. दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

शटरबद्दलही आकडा बघून ठरवा. कोपऱ्यातून घेतलेली फ्रेम साधारण अडीच मीटर रुंद आणि ६००० पिक्सेलची असते. सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरणारा हात १/५०० मध्ये एक सेंटिमीटर सरकतो, म्हणजे मूळ फाइलमध्ये तेवीसेक पिक्सेल. तोच फोटो १०८० पिक्सेल रुंदीने इन्स्टावर टाकला तर चार. चेहरा हातापेक्षा बराच हळू हलतो, तो तिथे टोकदारच दिसतो. फ्लेक्सवर छापायचं असेल तर १/१०००, मोबाईलवरच राहणार असेल तर १/५०० वर बिनधास्त या. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन या कामाचं नाही. ते तुमचा हात स्थिर करतं, खेळाडूचा नव्हे.

पाठ का येते, हा खरा महत्त्वाचा प्रश्न, आणि त्याचा कॅमेऱ्याशी संबंधच नाही. चढाईपटूचं तोंड बचाव करणाऱ्या संघाकडे असतं, तेव्हा त्याचा चेहरा हवा तर बचावपटूंच्या मागे जायला हवं. अंतिम रेषेमागे दोन मीटरवर बाद खेळाडूंचा आठ मीटरचा पट्टा असतो. त्याच्या आड येऊ नका. पट्टा संपतो तिथे, अंतिम रेषेपासून तीनेक मीटर मागे, कोपऱ्यात मांडी घालून बसा. पंचांना आणि आयोजकांना आधी विचारून, आणि फ्लॅश बंद ठेवून. निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, म्हणजे त्या रेषेवर आलेला चढाईपटू तुमच्यापासून पावणेसहा मीटरच्या आसपास. ५० एमएमला ही फ्रेम अडीच मीटर बाय पावणेदोन मीटरची होते. वाकलेला चढाईपटू आणि त्याच्यावर झेपावणारा कोपरारक्षक, दोघंही त्यात मावतात. बोनस रेषेवर पाय टाकायला तो आणखी एक मीटर पुढे येतो, तेव्हा मात्र पाय कापला जायची भीती असते. तिथे कॅमेरा उभा धरा.

मांडी घालून बसायचं कारण उंची. चढाईपटू कमरेत वाकून येतो, त्याचे डोळे तुमच्या छातीच्या खाली असतात. उभं राहून काढलं तर चेहऱ्याऐवजी डोक्याचे केस आणि मागे मॅट. डोळ्यांच्या पातळीवर आलात की मागे काळोख मिळतो. प्रायोजकाचे फ्लेक्सही मिळतात, त्याला इलाज नाही.

या जागेचा तोटाही आहे. पकड झाल्यावर चढाईपटू वळून मध्यरेषेकडे झेपावतो, म्हणजे पुन्हा पाठ. तो लांबवलेला हात आणि ताणलेला चेहरा पलीकडच्या कोपऱ्यातूनच मिळतो. दोन्ही एका जागेवरून मिळत नाहीत, म्हणून पूर्वार्धात एकच संघ निवडा आणि त्याच्या चढाया समोरून घ्या. मध्यांतराला संघ बाजू बदलतात, तेव्हा तुम्ही जागेवर राहिलात तर आपोआप दुसरा संघ समोर येतो. मध्यरेषेच्या टोकाला राखीव क्षेत्राबाहेर बसणारे बरेच दिसतात. तिथून सगळं मिळतं, पण सगळं बाजूने.

चढाई तीस सेकंदांची, आणि १५००डी सेकंदाला तीन फ्रेम देतो. दोन फ्रेममध्ये पळणारा माणूस दीड मीटर पुढे गेलेला असतो, तेव्हा बर्स्टच्या, म्हणजे बटण दाबून धरून सलग फ्रेम घेण्याच्या, भरवशावर राहू नका. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) दहाच्या आसपास फ्रेम झाल्या की कॅमेरा थांबतो, आणि नेमकी पकड तेव्हाच होते. एकेक फ्रेम वेळ साधून घ्या. नजर चढाईपटूवर न ठेवता कोपरारक्षकाच्या पुढच्या पायावर ठेवा. तो नाचत असतो तोवर काही होत नाही. टाच टेकली, गुडघा वाकला आणि हात मॅटकडे उतरले की घोट्याची पकड येते आहे. बटण तेव्हाच दाबा. पकड दिसल्यावर दाबलंत तर आरसा वर जाईपर्यंत क्षण गेलेला असतो. जिथे तिसऱ्या चढाईचा नियम लावतात तिथे दोन रिकाम्या चढायांनंतरची चढाई सोडू नका. तिथे चढाईपटूला गुण घ्यावाच लागतो, त्यामुळे तो हमखास आत शिरतो.

फोकस एआय सर्व्होवर, म्हणजे हलत्या माणसाचा सतत माग घेणाऱ्या पद्धतीवर. १५००डी च्या नऊ बिंदूंपैकी फक्त मधला क्रॉस टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा, आहे. रात्री तोच वापरा आणि चौकट थोडी मोकळी ठेवून नंतर कापा. कस्टम फंक्शनमध्ये ‘शटर/एई लॉक’ बटणाला ‘एई/एएफ, नो एई लॉक’ हा पर्याय द्या, म्हणजे फोकस अंगठ्याखालच्या तारांकित बटणावर जातो. मध्येच एखादा बचावपटू आडवा आला की अंगठा उचलायचा, फोकस त्याच्यावर उडी मारत नाही. एफ/२ वर सहा मीटरवर सुमारे एक मीटर खोली स्पष्ट येते. चढाईपटूसाठी पुरेशी, बचावपटूंच्या अख्ख्या साखळीसाठी अपुरी.

उरली उजळ-पिवळट फ्रेमची तक्रार. बरेच जण यासाठी कॅमेरा दुरुस्तीला नेतात. दोष दिव्यांचा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेटल हॅलाइड आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. एक हेलकावा दहा मिलिसेकंदांचा. १/१००० चं शटर त्यातला एकच मिलिसेकंद उचलतं. तो माथ्यावरचा निघाला तर फ्रेम उजळ, खालचा निघाला तर काळी, आणि मेटल हॅलाइडमध्ये रंगही बदलतो. शिवाय शटरच्या पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकायला चार-पाच मिलिसेकंद घेते, म्हणून कधी एकाच फ्रेमचा वरचा भाग उजळ आणि खालचा काळवंडलेला येतो. मोठ्या स्टेडियमवर दिवे सहसा तिन्ही फेजवर वाटलेले असतात, त्यामुळे एकाचा उतार दुसरा भरून काढतो. गल्लीतल्या स्पर्धेत अख्खा खांब एकाच फेजवर असू शकतो.

यावर कॅननने २०१४ च्या ७डी मार्क टू पासून अँटी-फ्लिकर दिलं: कॅमेरा माथ्याची वाट बघून शटर सोडतो. १५००डी मध्ये फोटोंसाठी ती सोय नाही. निकॉन डी३५०० च्या मेनूत ‘फ्लिकर रिडक्शन’ दिसतं, पण ते लाइव्ह व्ह्यू आणि व्हिडिओपुरतं. ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनीही जनरेटरवर डोळे झाकून विसंबू नये. भार बदलला की त्याची वारंवारता ५० वरून ढळते आणि कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो.

तुम्ही असं करा. सामन्याआधी मोबाईलवर २४० फ्रेमचं स्लो मोशन लावून चारही खांब शूट करा. कोणता खांब धडधडतोय ते लगेच दिसेल. न धडधडणाऱ्या खांबाचा उजेड ज्या अर्ध्या भागावर जास्त, तिकडची बाजू निवडा. सगळेच धडधडत असतील तर शटर १/४०० पर्यंत खाली आणा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला हेलकाव्याचा जास्त वाटा मिळतो आणि फरक कमी होतो. फाइल रॉ ठेवा, रंग फ्रेमगणिक दुरुस्त करता येतो. एक्स्पोजर मात्र मॅन्युअलच. मागे काळोख आणि फ्रेममध्ये दिवा असला की ऑटो गोंधळतं. पंचांचा पांढरा शर्ट हा मैदानावरचा फुकटचा व्हाइट कार्ड आहे. त्याचा पोत दिसेनासा होण्याच्या जरा अलीकडे थांबा, आणि व्हाइट बॅलन्सही त्याच्यावरच ठरवा. दोन्ही अर्ध्या भागांत एक स्टॉपचा फरक सर्रास असतो, दोन्हीकडचं मोजून ठेवा.

आणि तुमची ५५-२५० विकू नका. नेरूळच्या यशवंतराव चव्हाण मैदानावर सकाळच्या उन्हात फुटबॉलसाठी तीच लेन्स हवी.

पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की फाइल दाबली जाते आणि शटर, आयएसओचे आकडे पुसले जातात. आकडे दिसले तर कोणत्या फ्रेममध्ये उजेड कमी पडला आणि कोणत्या फ्रेममध्ये दिव्याने दगा दिला, ते नेमकं सांगता येईल.